किंडर स्काउटची पहिली खेप : सह्याद्रीत पाय तयार झालेल्यांसाठी

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या डोंगराची उंची ६३६ मीटर आहे हे वाचून मी मनातल्या मनात हसलो होतो. सिंहगड समुद्रसपाटीपासून याच्या दुप्पट उंच. आतकरवाडीतून सिंहगडाला जेवढी चढण आहे, तेवढीसुद्धा इथे ईडेल गावातून नाही. राजगड-तोरणा एका दिवसात केलेल्या माणसाने यात घाबरण्यासारखं काय आहे? ऑक्टोबरातला शनिवार होता आणि मँचेस्टरला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. दोन तासांत वर पोचलो, डबा खाल्ला, आणि धुकं आलं. समोर जी वाट दिसली तिने उतरलो, तर खाली ईडेल नव्हतंच. हेफील्ड होतं, डोंगराच्या पार पलीकडच्या अंगाला. घाटमाथ्यावर चकवा लागून देशावर उतरण्याऐवजी कोकणात उतरावं, तसं.

त्यानंतर किंडरवर बऱ्याच खेपा झाल्या. नव्याने मँचेस्टर, शेफील्ड, लीड्स या भागात आलेले आपले लोक विचारतात, ‘ट्रेकला कुठे जायचं?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय. सह्याद्रीत आपला कस चढणीवर लागतो. माथ्यावर पोचलं की सुटलो. मूरवर, म्हणजे इथल्या उंच उघड्या माळरानावर, उलटं आहे. चढण कोणीही चढतं, खरी परीक्षा माथ्याच्या सपाटीवर असते. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

मूर म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे जवळचा शब्द ‘सडा’. कासचं पठार, आंबोलीचा किंवा रत्नागिरीचा सडा डोळ्यांसमोर आणा : उंचावरची उघडी, झाडं नसलेली सपाटी, वर नुसतं आभाळ. इथपर्यंत साम्य. पण सड्यावर पायाखाली जांभा असतो, पावसाचं पाणी त्यावरून वाहून जातं, आणि दिवाळीनंतर तिथे फुफाटा. मूरवर पायाखाली स्पंज असतो. पाणी येतं आणि राहतं.

या स्पंजाला पीट म्हणतात. थंड, ओल्या, आम्लधर्मी जागेत झाडपाला पुरता कुजत नाही. थरावर थर साचत जातो. वेग साधारण वर्षाला एक मिलिमीटर, म्हणजे एक मीटर जाडीला हजार वर्षं. किंडरवर काही ठिकाणी तो थर माणसापेक्षा खोल आहे. धडधाकट पीटमध्ये पाय पोटरीपर्यंत रुतला, तर हिशेबाने तुम्ही शिवराज्याभिषेकाच्या वर्षाजवळ पोचलात. ही सगळी करामत मुख्यतः स्फॅग्नम नावाच्या शेवाळाची. ते स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं.

झाडं का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. पूर्वी होती. अश्मयुगापासून माणसाने ती तोडली, जाळली, हवामान ओलसर झालं, मग मेंढ्यांनी नवी रोपं वर येऊ दिली नाहीत. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी मूर राखले, आणि हेदर या झुडपाला कोवळे कोंब फुटावेत म्हणून ते पाळीपाळीने जाळत राहिले. त्यामुळे ‘अस्पर्श निसर्ग’ वगैरे म्हणू नका. हे माळरान माणसाच्याच हातचं आहे.

पीटखालचा खडक म्हणजे ग्रिटस्टोन : भरड, खरबरीत वाळूचा दगड, तीस कोटी वर्षांहून जुना, एका प्रचंड नदीच्या मुखाशी साचलेला. सह्याद्रीचा बेसॉल्ट त्यापुढे परवाचा, साडेसहा कोटींचा. या दगडाची जाती बनत, म्हणून याचं नावच ‘मिलस्टोन ग्रिट’. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचं चिन्हही जात्याची तळी आहे.

महिना कोणता धरायचा

पहिल्या खेपेला मेचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. यात वाद नको.

मे-जूनमध्ये कापूसगवत फुलतं. ओल्या जागांवर पांढरे बोंडासारखे झुबके वाऱ्यावर हलत असतात. दिसायला मऊ, पण ती धोक्याची खूण आहे : कापूसगवत दाट आहे तिथे पाय टाकू नका, खाली पाणी आहे. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं आणि कासच्या तेरड्याची आठवण येईल असा जांभळा रंग डोंगरभर पसरतो. त्याच सुमाराला बिलबेरीची झुडपं काळ्या-निळ्या फळांनी भरतात. करवंदासारखं बोटं आणि जीभ रंगवणारं फळ आहे. तोंडापुरती खा.

हिवाळा नंतर. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, हे आपल्या अंगवळणी पडायला दोन वर्षं लागतात. जूनमध्ये उलट, साडेनऊपर्यंत उजेड. थंडीत पांढरे होणारे डोंगरी ससे बघायचे असतील तर जानेवारीत जायला हवं खरं. स्कॉटलंड सोडलं तर या बेटावर ते पीक डिस्ट्रिक्टमध्येच आहेत. पण ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला, जाणत्या माणसाबरोबर.

पावसाबद्दल : महाबळेश्वरला चार महिन्यांत ५,००० मिलिमीटरहून जास्त पडतो. इथे वर्षभरात त्याच्या निम्माही नाही. फक्त तो वर्षभर पडतो, आडवा पडतो, आणि गार असतो. आपल्याला भिजायची सवय आहे, भिजून कुडकुडायची नाही. जुलैतसुद्धा गावात १८ अंश आणि वर वारा सुटलेला असेल, तर ओल्या कपड्यात हात बधिर होतात. आदल्या रात्री मेट ऑफिसचा अंदाज बघा, आणि त्याबरोबर ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’चा पीक डिस्ट्रिक्टचा अंदाजही. त्यात दोनच गोष्टी वाचा : माथ्यावर वारा किती, आणि ढग माथ्याला टेकलेले असण्याची शक्यता किती. ढग टेकलेले असतील तर पहिल्या खेपेचा बेत पुढच्या आठवड्यावर टाका. डोंगर कुठे जात नाही.

अंगावर, पायात, पाठीवर

जीन्स नको. सुती टी-शर्टही नको. सूत भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. खेळाचे चटकन वाळणारे कपडे, वर एक फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट. ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि ‘वॉटरप्रूफ’ यांतला फरक दुकानात विचारून घ्या, नाहीतर तो वर गेल्यावर कळतो. पावसाळी पँटही हवी. छत्री घरी ठेवा. वारा तिचा पतंग करतो.

बूट घोट्याच्या वर येणारे. आपले भटके ज्या रबरी तळव्याच्या साध्या बुटांवर अख्खा सह्याद्री फिरतात, ते कातळावर झकास असतात. पीटमध्ये ते पायातून निघून आत राहतात. मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत बांधून घ्या.

पाठीवर दीड लिटर पाणी, थर्मॉसमध्ये चहा, टोपी आणि हातमोजे (ऑगस्टमध्येही), डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी, पूर्ण चार्ज केलेला फोन. वरचं पाणी चहाच्या रंगाचं असतं. तो पीटचा रंग, घाण नव्हे. पण आसपास मेंढ्या चरतात, त्यामुळे उकळल्याशिवाय पिऊ नका. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. गार वाऱ्यात बसून पोळीभाजीचा डबा उलगडणं जमत नाही. एका हाताने उभ्याने खाता येईल असं न्या.

आणि नकाशा. इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडे नकाशा घेऊन ट्रेकला जातंच कोण? वाट चुकली तर पुढच्या वाडीत एखाद्या मामांना विचारायचं. मामा काठीने दाखवतात, वर ताकही देतात. मूरवर मामा नाहीत. गुराखी नाही, वाडी नाही, देऊळ नाही, भगवा नाही. तासभर मेंढीशिवाय कोणी भेटत नाही. त्यामुळे ऑर्डनन्स सर्व्हेचा ‘एक्सप्लोरर ओएल १, डार्क पीक’ हा कागदी नकाशा विकत घ्या. प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. सोबत साधं होकायंत्र. फोनवरचा नकाशाही चालतो, पण आधी उतरवून ठेवलेला, कारण ईडेल खोऱ्यात नेटवर्क मनात आलं तर येतं. निदान एवढं तरी शिकून जा : नकाशा उत्तरेला लावायचा कसा, आणि दोन ठिकाणांमधली दिशा काढायची कशी. आधी घराजवळच्या बागेत सराव करा. लोक बघतात, बघू देत.

ईडेलला पोचणं

मोटार नसेल तरी हा मूर जवळ आहे, हीच किंडरची मोठी सोय. मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामधल्या होप व्हॅली मार्गावर ईडेल स्टेशन लागतं. मँचेस्टरहून पाऊण तास, शेफील्डहून अर्धा. सगळ्या गाड्या थांबत नाहीत. जलद गाड्या ईडेल सोडून निघून जातात, तेव्हा थांबे बघून चढा, आणि परतीची वेळ फोनवर न ठेवता कागदावर लिहून ठेवा. एक गाडी चुकली की तास-दोन तासांची निश्चिंती. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला ईडेलला उतरलात तर दिवस पुरतो.

स्टेशनजवळच्या वाहनतळापाशी सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. उरकून घ्या. वर आडोसा नाही. झाडंच नाहीत तर आडोसा कुठला.

तिथून रस्ता गावात चढतो. चर्च ओलांडलं की ‘ओल्ड नॅग्ज हेड’ हा पब लागतो. पेनाइन वे ही इंग्लंडच्या कण्यावरून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी ४३१ किलोमीटरची पायवाट इथूनच सुरू होते. १९६५ साली ती अधिकृतपणे खुली झाली. पाठीवर भलंमोठं ओझं आणि चेहऱ्यावर पहिल्या दिवसाचा उत्साह असलेली माणसं दिसली तर ती त्या वाटेची. कुणी ‘अय अप’ म्हणालं तर गोंधळू नका. ते इथलं ‘काय पाव्हणं’ आहे. उलट ‘अय अप’ म्हणावं.

चढ : जेकब्ज लॅडर

पबजवळून डावीकडे पेनाइन वेची पाटी आहे. शेतांच्या कडेने, दगडी बांधांमधल्या फाटकांतून अडीचेक किलोमीटरवर अपर बूथ. फाटक जसं मिळालं तसं ठेवायचं : बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. ईडेल खोऱ्यात अशी पाच ‘बूथ’ आहेत. बूथ म्हणजे मध्ययुगातल्या गुराख्यांचं खोपटं. आपल्या धनगरवाड्यांसारखी नावं उरली, खोपटी गेली.

आईबाबा उन्हाळ्यात आले असतील तर त्यांना अपर बूथपर्यंत आणून परत न्या. सोपी वाट आहे, दोन्ही बाजूंना हिरवं खोरं आणि वर मूरची तपकिरी कड दिसते, मेंढ्यांची कोकरं दिसतात, आणि परत आल्यावर गावात चहा मिळतो. माझ्या आईला किंडरपेक्षा ते दगडी बांधच जास्त आवडले. चुन्याशिवाय रचलेला दगड इतकी वर्षं कसा उभा राहतो हे ती हात लावून बघत होती.

अपर बूथच्या पुढे शेतरस्ता, मग ओढ्यावरचा छोटा कमानीचा दगडी पूल. जुन्या काळी इथून घोड्यांवर माल लादून व्यापारी डोंगर ओलांडत. नाणेघाटातून बैलांचे तांडे जात, तसंच. वर राहणाऱ्या जेकब मार्शल नावाच्या शेतकऱ्याने अठराव्या शतकात चढणीत पायऱ्या खोदल्या, म्हणून नाव जेकब्ज लॅडर. आजच्या फरसबंद पायऱ्या अलीकडच्या आहेत. अर्ध्या तासाची दमछाक. यावर जास्त लिहायला नको. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेल्यांना तर नाहीच.

माथा

चढ संपतो तिथे एक फाटा आहे. सरळ गेलं की एका जुन्या दगडी क्रॉसवरून वाट हेफील्डला उतरते. हीच ती, माझी. आपण उजवीकडे चढायचं, ईडेल रॉक्स या खडकांच्या ढिगाशेजारून ‘किंडर लो’ या ठिकाणी. तिथे ६३३ मीटरवर सर्वेक्षणाचा पांढरा खांब आहे. फोटो इथेच काढा. खरा सर्वोच्च बिंदू, ६३६ मीटरचा, इथून आत पीटच्या मधोमध कुठेतरी आहे. त्यावर खूण नाही, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तो उंच आहे हेसुद्धा डोळ्यांना कळत नाही. तो शोधायच्या नादी लागू नका. पहिल्या खेपेचा मोठा धोका हाच : गड सर करायची सवय असलेल्या माणसाला ‘टोक’ गाठल्याशिवाय चैन पडत नाही, आणि किंडरला टोकच नाही.

पठाराच्या पोटात शिरलं की काय होतं ते सांगतो. पाण्याने पीट कापून चर पडलेत, माणूस उभा बुडेल एवढे खोल. इथले लोक त्यांना ‘ग्रफ’ म्हणतात. मधले उरलेले काळे उंचवटे म्हणजे ‘हॅग’. चरात उतरलं की आभाळाशिवाय काही दिसत नाही. वर आलं की पुढे दुसरा चर, तिरका. तो चुकवायला दहा पावलं डावीकडे, पुढचा चुकवायला वीस पावलं उजवीकडे, आणि अर्ध्या तासाने आपण कुठल्या दिशेला निघालो होतो हे स्वच्छ उन्हातही सांगता येत नाही.

म्हणून साधा नियम : पोटात शिरायचं नाही, कडेकडेने चालायचं. किंडर लोवरून मागे कडेला या आणि पूर्वेकडे तोंड करा. दरी कायम उजव्या हाताला. डावीकडे पीटचं पठार, उजवीकडे खाली ईडेलचं खोरं, मध्ये तुम्ही. दरी डाव्या हाताला आली किंवा नाहीशी झाली, तर थांबायचं आणि नकाशा काढायचा.

आता या कडेची मजा. वारा, पाऊस आणि बर्फाने ग्रिटस्टोनचे जे आकार घडवलेत ते हात लावून बघण्यासारखे आहेत. पहिला नो स्टूल : लोहाराच्या ऐरणीसारखा. मग पिम चेअर. त्यानंतर वूल पॅक्स : एखाद्या गोदामात लोकरीची गाठोडी ओतून द्यावीत आणि ती तशीच दगड व्हावीत, तसा शेकडो गोलसर खडकांचा पसारा. इथे अर्धा तास काढाच. वाऱ्याच्या आडोशाला बसायला याच्यासारखी जागा नाही. पुऱ्या आणि चहा इथेच. खडक कोरडा असेल तर पकड अशी घट्ट की बोटांची सालं निघतात.

मध्येच पायाखालून भर्रकन एक तांबूस पक्षी उडतो आणि ‘गो-बॅक, गो-बॅक, गो-बॅक’ असं खेकसतो. तो रेड ग्राउस. सायमन कमिशनची आठवण आपल्यालाच येते, त्याला नाही.

आणि पायाखालच्या फरशा. पेनाइन वेवर जिथे पीट अगदीच उखडलं होतं, तिथे मोठ्या दगडी लाद्या टाकल्यात. यांतल्या कितीतरी लाद्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या आहेत, हेलिकॉप्टरने वर आणलेल्या. ज्या मँचेस्टरच्या कापडाची १९०५ साली पुण्यात होळी झाली, त्या उद्योगाच्या फरशीवरून आपण चिखल चुकवत चालतोय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खाली बसून मी ती लादी नीट बघितली. गुळगुळीत झालेली होती. आणि पीट उखडण्याचं एक कारणही त्याच गिरण्या : दीडशे वर्षं त्यांचा धूर या डोंगरावर पडला, स्फॅग्नम मेलं, मग उघडं पीट पावसाने धुपत गेलं. आता ‘मूर्स फॉर द फ्युचर’ हा उपक्रम २००३ पासून चरांना छोटे बांध घालतोय, चुना आणि बी पेरतोय, स्फॅग्नमची रोपं हाताने लावतोय. चरात दगडाचा किंवा लाकडाचा बांध दिसला तर त्यावरून उड्या मारू नका.

इथे चालायला मिळतं ते कसं

हे वाचल्याशिवाय जाऊ नये असं मला वाटतं. एके काळी हा अख्खा माथा बंद होता. शिकारीचे दहा-बारा दिवस सोडले तर वर्षभर इथे रखवालदारांशिवाय कोणी नसे, आणि खाली मँचेस्टर-शेफील्डचे कामगार रविवारी हवा खायला जागा शोधत असत. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्डहून शेकडो तरुण मुद्दाम हद्द ओलांडून वर चढले. पुढे होता वीस वर्षांचा बेनी रॉथमन. रखवालदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास. त्याआधी दीडेक वर्ष, १९३० च्या सप्टेंबरात, आपल्याकडे चिरनेरला लोक जंगल कायद्याविरुद्ध कोयते घेऊन उठले होते. तिथे गोळ्या चालल्या आणि माणसं मेली. सरकार तेच, किंमत वेगळी.

१९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २००० च्या कायद्याने अशा माळरानांवर पायी फिरायचा हक्क सगळ्यांना मिळाला. सगळ्यांना म्हणजे व्हिसावर आलेल्यालाही. वर कोणी विचारायला येत नाही, तिकीट नाही, नोंदवही नाही.

हक्काबरोबर काही बंधनं आहेत. विस्तव अजिबात नाही, ना चूल ना बार्बेक्यू. पीट वाळलं की जमीनच जळते, खालून. २०१८ च्या उन्हाळ्यात जवळच्या सॅडलवर्थ मूरला लागलेल्या आगीसाठी लष्कर बोलवावं लागलं होतं. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै आखूड दोरीवर, कारण पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. त्याच काळात गडावर पोचल्यासारख्या घोषणा द्यायची हौसही आवरावी. तंबू ठोकून राहायला जमीनमालकाची परवानगी लागते.

धुकं आलंच तर

पहिलं, थांबा. अंगात फ्लीस चढवा, काहीतरी खा. दुसरं, शेवटचं नक्की माहीत असलेलं ठिकाण नकाशावर शोधा. तिथपर्यंत मागे जाता येत असेल तर जा. यात कमीपणा नाही. तिसरं, दिशा होकायंत्रावर लावा आणि यंत्र म्हणेल तसं चाला. आपल्या मनाला वाटतं ते ऐकू नका. मलाही त्या दिवशी ‘वाट नक्की हीच’ असं वाटलं होतं. चौथं, पाण्याच्या ओहळाबरोबर उतरू नका. ओढा शेवटी खाली जातो हे खरं, पण मध्ये तो कड्यावरून उडी मारतो. हे आपल्याला सह्याद्रीत शिकवलेलं आहे, तेच इथेही.

कुणाला लागलं, हलता येत नसेल तर ९९९ किंवा ११२ लावा, आधी ‘पोलीस’ मागा, मग ‘माउंटन रेस्क्यू’. ही पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. बोलण्याइतकं नेटवर्क नसतं तेव्हा कधीकधी मेसेज जातो. त्यासाठी घरून निघण्यापूर्वीच ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवून नोंदणी करून ठेवावी लागते. शिट्टीची खूण : मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं, पण ते आलं तरी पोचेपर्यंत वाजवत राहा.

उतार आणि परत

वूल पॅक्सच्या पुढे क्राउडन टॉवर हा खडक, मग एक ओढा ओलांडून ग्राइंड्स्लो नॉल ही ६०१ मीटरची टेकडी. तिच्यावरून ईडेल गाव पायाशी दिसतं आणि ठसठशीत वाट थेट तिकडे उतरते. उतार तीव्र आहे, गुडघे बोलतात. काठी असेल तर इथे काढा. नॉल सोडून पुढे गेलात तर ग्राइंड्सब्रुकच्या खडकाळ घळीच्या डोक्यावर पोचाल. तीही ईडेललाच उतरते, पण मोठमोठ्या धोंड्यांवरून हात टेकत. दमलेल्या पायांनी नको.

सगळी फेरी मिळून १४-१५ किलोमीटर. हिशेबाचा जुना ठोकताळा आहे, १८९२ चा, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाचा : पाच किलोमीटरला एक तास, वर ६०० मीटर चढणीला आणखी एक. त्यानुसार इथे पावणेचार तास येतात. चिखल, फोटो, पुऱ्या आणि खडकांवरचा बालिशपणा धरून सहा तास ठेवा.

पुढच्या खेपेला किंडर लोवरून पश्चिम कडेने अडीचेक किलोमीटरवर किंडर डाउनफॉल बघा. तीस मीटरचा धबधबा; पश्चिमेचा वारा जोरात असला की पाणी खाली पडण्याऐवजी उडून वर येतं. नाणेघाटातला उलटा धबधबा बघितलेल्यांना नवल नाही, पण तिथे कणसं विकणारी मावशी असते आणि इथे आपण एकटे असतो.

घरी आल्यावर बूट रेडिएटरवर ठेवू नका, चामडं तडकतं. चिखल गार पाण्याने धुऊन टाका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दाराशी ठेवा. रात्री एकदा बोळे बदला. आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे आणि कमरेपाशी गोचीड चिकटलेली नाही ना, ते बघा. असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरांना दाखवा आणि मूरवर जाऊन आलो होतो हे आवर्जून सांगा.